घरातील पेढी आणि लेझर प्रिंटरची निवड

दिवाळीस चोपडापूजन झाले आणि कार्तिक शुद्ध पंचमीस, म्हणजे लाभपंचमीस, मुहूर्ताने पेढी उघडली की आम्हा व्यापाऱ्यांचे नवे वर्ष सुरू होते. मांडवीपासून पाणीगेटपर्यंतच्या रस्त्यावर ही चाल आजही टिकून आहे. तांबड्या कापडाच्या चोपड्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढले जाते, पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहिले जाते. परंतु त्या पानापुढचा वर्षभराचा हिशेब बहुतेक पेढ्यांत आता संगणकावरच मांडला जातो. रोजमेळ संगणकात आणि खतावणीही संगणकात. तथापि व्यवहार पूर्ण होतो तो कागदावर. बिल, चलन, बिल्टी, पोच, नोटिशीचे उत्तर ह्यांपैकी एकही गोष्ट अखेर कागदावाचून भागत नाही. म्हणूनच कागद छापणारे यंत्र कोणते घ्यावे, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. आमच्या मंडळींकडून तो वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर एकदा सविस्तर द्यावे, ह्या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

बडोद्याच्या जुन्या कोटाच्या चार दरवाजांपैकी पूर्वेचा तो पाणीगेट. पश्चिमेस लहेरीपुरा, उत्तरेस चांपानेर, दक्षिणेस गेंडी आणि मध्यभागी मांडवी, अशी ही रचना आहे. ह्याच मांडवीत १९०८ साली श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या प्रेरणेने बँक ऑफ बडोदाची स्थापना झाली. ह्या भागातील दुकाने अरुंद व खोल आहेत. पुढे माल, मागे माल आणि मध्ये गल्ला, ह्यांपलीकडे कचेरीस जागा उरत नाही. त्यामुळे हिशेबाचे काम पहिल्यापासूनच पुष्कळांच्या घरी, माडीवर चालत आले आहे. २०२० सालच्या टाळेबंदीत उरलेल्यांचेही ते घरी आले आणि त्यांतील बरेचसे तेथेच राहिले. दुपारी घरातील सून बिले करते, संध्याकाळी मुनीम येऊन नोंदी तपासतो, रात्री मुलगा कराचे विवरण भरतो, असे हे घरातले कार्यालय. त्यास लागणारे यंत्र मोठ्या कंपनीच्या कचेरीचे नव्हे आणि शाळकरी मुलाच्या चित्रांचेही नव्हे.

एका चलनाची गोष्ट

आमच्या स्वतःच्या चुकीपासून प्रारंभ करणे प्रामाणिकपणाचे होईल. काही वर्षांपूर्वी आम्ही घरच्या पेढीसाठी पातळ शाईचे एक यंत्र घेतले. किंमत अल्प होती, रंगीत छपाई होत होती आणि दुकानदाराने एक रीम कागद भेट दिला होता. एवढ्यावर आम्ही संतुष्ट झालो. श्रावणात कापडाच्या गाठी बाहेरगावी धाडल्या. चलन गाडीवानाच्या खिशात होते. माल उतरला, घेणाऱ्याने पोच लिहून सही केली आणि तो कागद भर पावसात परत आला. उलगडून पाहतो तो खालची बॉलपेनची सही शाबूत होती. वरचा छापील आकडा मात्र पसरून निळसर डाग झाला होता. गाठी सहा की आठ, हे कोणासच सांगता येईना. सही राहिली, आकडा गेला. घेणारा सहा म्हणे, आम्ही आठ म्हणत होतो. आमच्या संगणकात आठच होत्या; परंतु समोरच्याने सही केली ती संगणकावर नव्हे. जुना संबंध तुटू नये म्हणून अखेर एका गाठीची रक्कम आम्ही सोडली. त्या पैशांत उत्तम यंत्र आले असते, हे तेव्हा ध्यानात आले.

दोष त्या यंत्राचा नव्हता. ज्या कामासाठी ते घडविलेले नव्हते ते काम आम्ही त्याजकडून घेतले, ही चूक आमची. यंत्र निवडण्यापूर्वी स्वतःस दोन प्रश्न विचारावे लागतात: आपला कागद किती दिवस टिकावयास हवा, आणि महिन्यास असे कागद किती. ह्या दोहोंची उत्तरे हाती असली की पुढील निवड बरीच सोपी होते.

पूड आणि शाई

लेझर प्रिंटर शाई वापरीत नाही. तो पूड वापरतो. तिला टोनर म्हणतात. ही पूड म्हणजे अतिसूक्ष्म प्लॅस्टिक व त्यात मिसळलेले काजळ. एका कणाची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी असते. यंत्रात ड्रम नावाचा एक दंडगोल असतो. त्यावर विद्युत्भार देतात. लेझरचा किरण जेथे अक्षर उमटावयाचे तेथे त्या भारात फरक पाडतो आणि तेवढ्याच जागी पूड चिकटते. पुढे ती कागदावर येते आणि शेवटी जवळजवळ १८० ते २०० अंश सेल्सियस तापलेल्या रुळांतून कागद जाताना वितळून त्याच्या तंतूंत रुतून बसते. यंत्रातून बाहेर आलेला कागद हातास ऊन लागतो तो ह्यामुळेच.

ह्या विद्येचे मूळ एका कागदोपत्री त्रासातच आहे. अमेरिकेतील चेस्टर कार्लसन हे पेटंटच्या कामात होते. नकला करून त्यांचा हात दुखे. त्यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागातील एका खोलीत कोरड्या पुडीने पहिली प्रत उमटविली. त्या कल्पनेतून झेरॉक्स कंपनीचे ९१४ हे यंत्र १९५९ साली बाजारात आले. त्याचे वजन ३०० किलोच्या आसपास होते. प्रत काढण्याच्या ह्याच क्रियेस लेझरची जोड देण्याचे श्रेय गॅरी स्टार्कवेदर ह्यांचे. १९७१ साली त्यांचे यंत्र चालू झाले. १९८४ साली एच. पी. कंपनीने कॅननच्या बनावटीचे अंतर्यंत्र घालून टेबलावर मावेल असा लेझरजेट आणला आणि हे साधन सामान्य कचेरीच्या आटोक्यात आले. आपल्याकडे कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर काढलेली प्रत ‘झेरॉक्स’च म्हटली जाते, ही त्या इतिहासाचीच खूण होय.

वितळून बसलेले प्लॅस्टिक पाण्यात विरघळत नाही आणि काजळ उजेडाने फिके पडत नाही, हे व्यापाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे. काजळाचा हा गुण आपणांस नवा नाही. लाभपंचमीची तिथी हीच ज्ञानपंचमीची. पावसाळ्याचा दमटपणा ओसरल्यावर ग्रंथभांडारांतील पोथ्या झाडून-पुसून पूजिल्या जातात. पाटण व जेसलमेर येथील भांडारांच्या सूच्या बडोद्याचे चिमणलाल दलाल ह्यांनी प्रत्यक्ष जाऊन केल्या आणि त्यांच्या पश्चात पं. लालचंद गांधी ह्यांनी त्या पूर्ण केल्या. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत जेसलमेरची सूची १९२३ साली व पाटणची १९३७ साली प्रसिद्ध झाली. त्या पोथ्यांतील कित्येक शतकांपूर्वीची अक्षरे आजही काळीभोर दिसतात ती काजळाच्या शाईमुळे. फरक इतकाच की तेथे काजळ डिंकात खललेले असे आणि डिंकास पाण्याचे भय असते. येथे ते प्लॅस्टिकमध्ये बांधलेले आहे. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी वस्तीत शिरले, हे ज्यांनी पाहिले त्यांस पाण्यात न विरघळणाऱ्या अक्षराचे मोल सांगावयास नको.

येथे शाईच्या यंत्राविषयी अन्याय होऊ नये. हल्लीच्या टाकीच्या यंत्रांत दर पानाचा खर्च फारच अल्प पडतो, वीज कमी लागते आणि रंग उत्तम येतात. काहींत काळी शाई विरघळलेल्या रंगाऐवजी रंगकणांची असते व ती पाण्यास बरीच दाद देत नाही. ज्यांस मालाची रंगीत चित्रे रोज छापावी लागतात त्यांनी तेच घ्यावे. परंतु ते यंत्र पंधरा-वीस दिवस बंद राहिले तर सूक्ष्म छिद्रांत शाई वाळते, आणि साफसफाईतच पुष्कळशी शाई वाया जाते. लग्नसराईत वा यात्रेस गेलेल्या कुटुंबाची पेढी महिनाभर बंद राहते. पुडीच्या यंत्रास त्याचे काही वाटत नाही.

पानांची मोजदाद

आता दुसरा प्रश्न, संख्येचा. येथे पुष्कळांचा अंदाज चुकतो, कारण ते बिले मोजतात. मोजावयाची असतात पाने. वस्तू व सेवा कराच्या नियमांप्रमाणे मालाच्या बिलाच्या तीन प्रती करावयाच्या असतात: मूळ प्रत घेणाऱ्याची, दुसरी वाहतूकदाराची, तिसरी आपली. जुने ठोके मारणारे यंत्र कार्बनी कागदावर तिन्ही प्रती एकाच वेळी उमटवी. लेझर प्रिंटर कागदावर आघातच करीत नाही, म्हणून तीन पाने स्वतंत्र छापावी लागतात. महिन्यास शंभर बिले म्हणजे तीनशे पाने. त्यांत ई-वे बिले, खाते-उतारे, पावत्या व घरच्या नकला मिळविल्या की चारशेवर आकडा सहज जातो.

यंत्राची किंमत एकदा द्यावी लागते. टोनरची पुन्हा पुन्हा. म्हणून खरेदीपूर्वी पाच वर्षांचा हिशेब मांडावा. आकडे समजुतीसाठी घेतो. प्रत्येकाने त्या दिवशीचे बाजारभाव घालावेत. समजा, पहिले यंत्र १२,००० रुपयांचे असून त्याचे कार्ट्रिज ४,००० रुपयांना मिळते व १,००० पाने देते. दुसरे यंत्र २४,००० रुपयांचे. त्याचे टोनर ३,००० रुपयांत २,५०० पाने देते आणि १२,००० पानांनंतर ६,००० रुपयांचा ड्रम बदलावा लागतो. महिन्यास ४०० पाने म्हणजे पाच वर्षांत २४,००० पाने. पहिल्या यंत्रास २४ कार्ट्रिजांचे ९६,००० व मूळ किंमत मिळून १,०८,००० रुपये लागतील. दुसऱ्यास १० टोनरांचे ३०,०००, एका ड्रमचे ६,००० आणि मूळ किंमत मिळून ६०,००० रुपये. स्वस्त म्हणून घेतलेले यंत्र ४८,००० रुपयांनी महाग पडले.

परंतु हाच हिशेब महिन्यास पन्नास पाने छापणाऱ्याचा मांडला तर पाच वर्षांत पाने होतात ३,०००. पहिल्या यंत्राचा एकूण खर्च २४,००० व दुसऱ्याचा ३०,००० रुपये. येथे स्वस्त यंत्रच शहाणपणाचे ठरते. तात्पर्य, शेजाऱ्याने घेतले म्हणून आपण घेऊ नये. त्याची पाने वेगळी, आपली वेगळी. महिनाभर एका वहीत रोज किती पाने छापली, किती नकला काढल्या व किती कागद स्कॅन केले ह्याची नोंद ठेवावी. तीच खरी शिफारस.

ह्या हिशेबात आणखी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, टोनरच्या वेष्टनावरील पानांचा आकडा बहुधा आंतरराष्ट्रीय मानकाच्या कसोटीप्रमाणे असतो. त्यातील पानावर सुमारे पाच टक्के भागच काळा धरलेला असतो. आपल्या बिलावर मोठे बोधचिन्ह, जाड चौकटी व काळे पट्टे असतील तर पाने त्याहून कमी येतील. बिलाचा नमुना साधा केला की टोनर वाचतो. दोन, नव्या यंत्रासोबत येणारे टोनर पुष्कळदा अर्धेमुर्धेच भरलेले असते. ते पूर्ण धरून हिशेब करू नये. तीन, एच. पी. व कॅनन ह्यांच्या अनेक लहान यंत्रांत ड्रम व टोनर एकाच कार्ट्रिजमध्ये असतात, तर ब्रदरच्या बहुतेक यंत्रांत ते वेगवेगळे असतात. पहिल्या प्रकारात दर वेळी नवा ड्रम मिळतो. दुसऱ्यात दर पानाचा खर्च कमी बसू शकतो, पण ड्रमची किंमत वेगळी विचारून घ्यावी. चार, काही यंत्रे कार्ट्रिजवरील चिप तपासून परक्या बनावटीचे कार्ट्रिज नाकारतात. बाहेर पूड भरून घेण्याच्या भरवशावर यंत्र घ्यावयाचे असेल तर हे आधी विचारावे, आणि वॉरंटीवर त्याचा परिणाम काय होतो हेही.

एका यंत्रात तीन कामे

बहुउद्देशी यंत्र म्हणजे छापणे, प्रत काढणे व स्कॅन करणे ही तिन्ही कामे करणारे यंत्र. घरच्या पेढीस ते का हवे, ह्याचे कारण केवळ सोय नव्हे. कोपऱ्यावरच्या दुकानात नकला काढावयास गेले की बहुधा प्रथम फोनवरून कागद त्याच्या संगणकात जातो. गिऱ्हाइकाचे आधारपत्र, बँकेचा उतारा, भागीदारीचा करार ही सारी दुसऱ्याच्या यंत्रात राहून जातात. दुकानदार सज्जन असतो. पण त्याच्या संगणकापुढे दिवसभरात कोण बसतो हे त्यालाही सांगता येत नाही. लोकांनी विश्वासाने आपणाकडे दिलेले कागद घराबाहेर न जाणे, ही पेढीच्या अब्रूची गोष्ट आहे.

स्कॅन करण्याचे दोन मार्ग असतात. एक काचेचा व दुसरा वरच्या फीडरचा. फीडरमध्ये सुट्या कागदांचा गठ्ठा ठेवला की एकेक पान आपोआप ओढले जाते. तीस-चाळीस बिले स्कॅन करावयाची असली म्हणजे त्याची किंमत कळते. परंतु शिवलेली वही, जुना चोपडा, जीर्ण दस्तऐवज किंवा पासबुक फीडरमधून जात नाही. त्यास काचच हवी, आणि झाकणाच्या बिजागऱ्या जाड वहीसाठी वर उचलल्या जाणाऱ्या हव्यात. आणखी एक बारकावा पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. लहान यंत्रांची काच बहुधा ए-फोर आकाराची, म्हणजे २१० गुणिले २९७ मिलिमीटरची असते. स्टॅम्प पेपरावरील भाडेकरार व जुने दस्त त्याहून लांब असतात. काचेवर ठेवले की खालची सही व साक्षीदारांची नावे बाहेर राहतात. पुष्कळशा फीडरांतून असा लीगल आकाराचा कागद जाऊ शकतो. म्हणून ज्यांचे काम भाडे, गहाण वा भागीदारीच्या कागदांचे आहे त्यांनी फीडर अवश्य घ्यावा, आणि दुकानात जाताना आपला एक लांब दस्त बरोबर नेऊन समोर स्कॅन करून पाहावा.

फीडर एका बाजूचा की दोन्ही बाजूंचा, हेही विचारावे. ‘ड्युप्लेक्स’ हा शब्द वेष्टनावर असला म्हणजे तो छपाईपुरता आहे की स्कॅनसाठीही, ह्याचा उलगडा करून घ्यावा. पुष्कळदा तो छपाईपुरताच असतो. कागदाच्या दोन्ही अंगांस आपोआप छापण्याची सोय मात्र प्रत्येकाने घ्यावीच. बिले एका बाजूसच छापावी लागतात. परंतु खाते-उतारे व लांबलचक विवरणे पाठपोट छापली की त्यांचा कागद निम्म्यावर येतो आणि कपाटातील जागाही वाचते. ओळखपत्राच्या दोन्ही बाजू एकाच पानावर उमटविणारी सोयही आमच्या कामात रोज लागते.

रंगीत लेझर यंत्राचा मोह पुष्कळांस होतो. त्यात काळ्याखेरीज तीन रंगांचे टोनर असतात, आणि वर्षातून दहा वेळा लागणाऱ्या रंगासाठी चार टोनर सांभाळावे लागतात. ज्यांचा बोधचिन्ह रंगीत आहे त्यांनी बिलाचे रंगीत कोरे कागद मुद्रणालयातून छापून आणावेत आणि मजकूर काळ्यात उमटवावा. ज्यांची उलाढाल ५ कोटी रुपयांहून अधिक आहे त्यांच्या व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतील बिलांवर १ ऑगस्ट २०२३ पासून क्यू-आर चौकोन लागतो. तो काळ्या टोनरात स्वच्छ उमटतो, त्यासाठी रंगाची गरज नाही.

वेगाच्या आकड्यास भुलू नये. मिनिटास वीस पाने की तीस, हा प्रश्न शेकडो पाने एकदम छापणाऱ्याचा. घरच्या पेढीत एक बिल निघते, मग अर्ध्या तासाने दुसरे. तेथे यंत्र झोपेतून उठून पहिले पान किती सेकंदांत देते हे पाहावे. तसेच महिन्यास कमाल पाने अमुक हजार असे जे लिहिलेले असते ती यंत्राची मर्यादा होय, नेहमीचा आहार नव्हे. शिफारस केलेला आकडा वेगळा व पुष्कळ लहान असतो, तो विचारावा.

घर, वीज आणि पावसाळा

यंत्र चांगले असले तरी जागा चुकली की ते कुरकुर करते. तापणाऱ्या रुळांमुळे लेझर प्रिंटर क्षणभर फार मोठी वीज ओढतो. त्यास संगणकाच्या लहान यूपीएसला जोडू नये. यूपीएस बंद पडतो किंवा बिघडतो. थेट भिंतीच्या चांगल्या अर्थिंगच्या सॉकेटातून वीज द्यावी. वीज गेली असता छपाई थांबेल, हे गृहीत धरावे.

कोटाच्या आतील जुन्या घरांच्या भिंती हात-हात जाड आहेत. खालच्या मजल्यावरचे वाय-फाय माडीवरच्या यंत्रापर्यंत पोहोचेलच असे नाही. म्हणून यंत्रास वाय-फायबरोबर केबलचे तोंडही असावे. एकदा तार ओढली की रोजची तक्रार मिटते.

पावसाळ्यात कागद हवेतील ओल पितो, वाकतो आणि यंत्रात अडकतो. अर्धा दोष यंत्रास दिला जातो तो वस्तुतः कागदाचा असतो. रीम फोडल्यावर उरलेले कागद वेष्टनात गुंडाळून बंद कपाटात ठेवावेत; ट्रेमध्ये आठवड्यास लागतील तेवढेच भरावेत. ७५ ते ८० ग्रॅमचा कागद बहुतेक यंत्रांस मानवतो. पूड सांडल्यास ओल्या थंड फडक्याने पुसावी. गरम पाणी लावू नये, कारण उष्णतेने ती घट्ट चिकटते. रिकामी कार्ट्रिज जाळू नयेत व कचऱ्यात टाकू नयेत. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावीत.

दुरुस्तीविषयी एकच प्रश्न विचारावा: बिघाड झाल्यास माणूस घरी येईल, की दहा-बारा किलोचे यंत्र आपण उचलून न्यावयाचे? वॉरंटी वर्षाची की अधिक, आणि तीस पानांची मर्यादा आहे काय, हे लेखी घ्यावे. खरेदीचे बिल पेढीच्या नावे व कर-क्रमांकासह घ्यावे, म्हणजे भरलेल्या कराची नियमानुसार वजावट मागता येते. घरच्या नावे घेतलेल्या बिलावर ती मिळणे कठीण.

छापल्यानंतर

कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेबाचे कागद सांभाळावे लागतात. सहा वर्षे म्हणजे सहा पावसाळे. टोनरचे अक्षर एवढे दिवस सहज टिकते, परंतु त्यासही पथ्य आहे. मऊ, वासाच्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ठेवलेल्या कागदावरील पूड कालांतराने त्या प्लॅस्टिकास चिकटून निघते. म्हणून पुठ्ठ्याच्या फायली वापराव्यात. आकड्यांच्या ओळीवर कागदाची घडी घालू नये. घडीवर पूड भेगाळते. पेट्रोलपंपावरील, टोलनाक्यावरील वा यंत्रावर कार्ड फिरविल्याची जी गुळगुळीत चिठ्ठी मिळते तिच्यावर शाईही नसते आणि पूडही नसते. तो कागद उष्णतेने काळा झालेला असतो आणि काही महिन्यांत कोरा पडतो. अशा चिठ्ठ्यांची त्याच दिवशी प्रत काढून ठेवावी. बहुउद्देशी यंत्र घरात असण्याचा हा रोजचा लाभ आहे.

सारांश असा की, पाणीगेट परिसरातील सामान्य पेढीस, जिची पाने महिन्यास तीनशे ते पाचशे आहेत, एकरंगी बहुउद्देशी लेझर यंत्र योग्य होय. त्यास पाठपोट छपाई असावी, काच व फीडर दोन्ही असावेत, वाय-फायसह तारेची जोडणी असावी, आणि पाच वर्षांच्या हिशेबात दर पानाचा खर्च अल्प बसावा. ज्यांची पाने पन्नास-साठांपलीकडे जात नाहीत त्यांनी लहान यंत्र घेऊन समाधान मानावे. ज्यांस रंग रोज लागतो त्यांनी टाकीचे यंत्र घ्यावे, पण चलन व करारपत्रे पाण्यास दाद न देणाऱ्या शाईतच छापावीत.

आमच्या माडीवर आज असे एक काळे-पांढरे यंत्र आहे. ते देखणे नाही. ते बसविल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात एक चलन पुन्हा भिजून आले. कागद लोळागोळा झाला होता. दोन दिवस दोरीवर वाळत घातला. वाळल्यावर त्यावरील प्रत्येक आकडा जेथल्या तेथे होता, आणि घेणाऱ्याशी ह्या खेपेस एक शब्दही वाढवावा लागला नाही. व्यापारात शब्द न वाढणे ह्याहून मोठी बचत आम्हांस ठाऊक नाही. आमच्या बांधवांनी यंत्राच्या किमतीपुढे ह्या बचतीचाही विचार करावा, एवढी विनंती करून लेखणी आवरती घेतो.